अस्तनीतले हात

१

आमच्या स्टुडिओची संकलनाची खोली तळघरात आहे. ज्याने ही इमारत बांधली त्याला फिल्म आणि बटाटे एकाच हवेत टिकतात असं वाटलं असावं. वाफेचा नळ दिवसभर टकटक करतो, टेबलावरची उजवी चकती कुरकुरते आणि वरच्या खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात. अर्धं आयुष्य मी तिथे बसून दुसऱ्यांनी टिपलेले तुकडे कापत आणि जोडत आले. डोळे अधू झाले, पाठ कामातून गेली, नवरा तर केव्हाच गेला. उरली एक मुलगी, बेगिमाय. ती इथेच आमच्या राजधानीत, फ्रुंझेच्या नाट्यगृहात नाचायची.

त्या ऑक्टोबरात आमच्याकडे एक बॅले-चित्रपट चालू होता. गोष्ट जुनीच, आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली. डोंगरात एकटा शिकारी शेकोटीपाशी बसलेला असतो. एक देखणी बाई येते, काही न बोलता समोर बसते. दोन्ही हात अस्तनीत. शिकारी सुरीच्या टोकावर मांसाचा तुकडा धरतो, तो ती तोंडानेच घेते. हात बाहेर काढत नाही, कारण तिच्या बोटांना तांब्याची नखं असतात. ही तांबनखी. ती उठून गेल्यावर शहाणा शिकारी आपल्या पांघरुणाखाली ओंडका ठेवतो आणि स्वतः झाडावर चढून बसतो. रात्री ती परत येते, आणि तिच्या नखांखाली ओंडक्याचं काय होतं ते सांगायला नको.

तांबनखीचं काम बेगिमायला मिळालं. हात लपवून नाचायचं म्हणजे मुक्याने गाणं म्हणण्यासारखं, पण पोरगी हट्टी. घरी स्वयंपाकघरात हात अस्तनीत घालून गिरक्या घ्यायची आणि माझे पेले फोडायची. नाकावर राग तर लहानपणापासूनच. एकदा पाहुण्यांसमोर मी तिला ‘जाडी’ म्हणाले, तर नारिन गावाला मावशीकडे जाऊन राहिली. मी नाक घासत गेले तेव्हा परत आली.

चित्रीकरण कराकोलच्या वर, जिरगालानच्या खोऱ्यात चाललं होतं. धुऊन आलेल्या रिळांमधून मी कामाचे तुकडे निवडत असे. त्या सकाळी आलेल्या रिळात प्रथमच बर्फ दिसला. पहाटेचा उजेड. शिकारी धापा टाकतोय, त्याच्या तोंडातून वाफ. मागे घोडा उभा, त्याच्या नाकपुड्यांतून वाफ. बेगिमाय त्याच्याभोवती फिरतेय, अगदी जवळून दिसतेय, आणि तिच्या तोंडापाशी काहीच नाही. हवा स्वच्छ.

मी रीळ मागे घेतलं. म्हटलं, प्रकाश मागून नसेल. पण घोड्याची वाफ दिसत होती की. म्हटलं, तोंड मिटून नाचत असेल. पण नाकाने का होईना, एवढ्या उड्या मारणारं माणूस श्वास तर सोडणारच. मी आधीची रिळं काढली, अशाच गारठलेल्या सकाळची. तिथे बेगिमायच्या तोंडातून समोवारसारखी वाफ निघत होती. आणि डाव्या पायावर उतरताना ती नेहमीसारखी जरा उशिरा सावरत होती. नव्या रिळात ती सावरतच नव्हती. तिला गरजच पडत नव्हती.

खरं सांगते, आधी मला अभिमान वाटला. मग पुन्हा ती स्वच्छ हवा दिसली. दोन वेगळ्या दिवसांचे तुकडे जोडून तो एकच दिवस असल्याचं लोकांच्या गळी उतरवणं हा माझा धंदा आहे, तेव्हा खोट्याचं मला वावडं नाही. पण हे खोटं कुणी केलं तेच कळेना. शेवटी डोळे थकलेत असं म्हणून मी यंत्राचा दिवा मालवला.

२

घरी फोन आहे तो स्टुडिओची कृपा. दिग्दर्शक दोरोनबेकला नको त्या वेळी कल्पना सुचतात आणि त्या ऐकायला कुणीतरी लागतं. बाहेरगावचा फोन मात्र वेगळा वाजतो, तुटक आणि घाईघाईने. त्या संध्याकाळी मी बूट काढत होते तेव्हा तो तसा वाजला.

“अपा, मी बोलतेय.” आमच्यात आईला अपा म्हणतात.

“अगं, आजच तुझं काम पाहिलं. काय नाचली आहेस गं! दृष्ट काढायला हवी.”

“कसलं काम? अपा, मी कराकोलच्या इस्पितळात आहे. गुडघा गेलाय. खडकावरून पाय घसरला. आता ओरडू नकोस, म्हणूनच तर कळवलं नव्हतं.”

“कधीपासून?”

“बर्फ पडायच्या आधीपासून. पहिला बर्फ मी इथल्या खिडकीतून पाहिला. एका म्हाताऱ्या मेंढपाळाने घोड्यावर घालून आणलं. त्याला सांगितलं होतं, तळावर निरोप दे म्हणून. आणि अपा, एक माणूस बघायला आला नाही. एकसुद्धा! मेलं जनावर टाकून पुढे जावं तसे गेले. त्या दोरोनबेकला सांग, मी आता त्याचं तोंड बघणार नाही.”

“मग बर्फात कोण नाचलं?”

“कोण नाचणार? घोडा? काम बंद असेल माझ्याशिवाय.” ती हसली आणि लगेच कळवळली. “हसलं तरी दुखतं बघ.”

फोन बंद झाल्यावर मी बराच वेळ एकच बूट घालून बसले होते. बदली मुलगी घेतली असेल, मी स्वतःला सांगितलं. लांबून नाचायला बदली मुली घेतातच. पण मी पाहिलेला चेहरा लांबचा नव्हता. त्याच्या भुवईवर व्रण होता, आणि तो तिला मीच आणलेल्या घसरगाडीने झालेला आहे.

३

दुसऱ्या दिवशी जूमाली आला. जूमाली आमचा ड्रायव्हर, सामानाचा ट्रक घेऊन सगळ्यांच्या आधी परतलेला. उपाहारगृहात त्याने माझ्यासमोर शोरब्याची वाटी ठेवली आणि टोपी मागे सारली. मला सगळे एजे म्हणतात, म्हणजे ताई.

“कालिपा-एजे, मिठाई द्या! पोरीने नाव काढलं तुमचं. बाकीची मंडळी बसने निघालीत, संध्याकाळी मी म्हणतो ती तुमच्या दारात.”

“तिचा पाय कसा आहे?”

“पाय? पाय कसला, वारा आहे वारा! पडली होती म्हणतात एकदा. सकाळी नदीच्या वरच्या अंगाला गेलेली, दुपार झाली तरी पत्ता नाही. आम्ही हाका मारून दमलो. अंधार पडता पडता आपणहून आली की चालत, आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा.”

“काय म्हणाली?”

“काहीच नाही. शेकोटीपाशी बसली. आम्ही सरकून जागा दिली.”

“कुठे होतीस, काय झालं, कुणी विचारलं नाही?”

जूमालीने माझ्याकडे मी शेळीला पुस्तक वाचायला सांगितल्यासारखं पाहिलं. “एजे, शेकोटीपाशी आलेल्याला आधी खायला घालतात. विचारतात का? तुम्ही शहरात राहून विसरलात की काय?”

विसरले नव्हते. आलेल्याच्या तोंडी आधी नानचा घास, मग तो सांगेल तेव्हा सांगेल. आणि एकदा घास खाल्ला की तो त्या चुलीचा झाला. त्याला कुणी ऊठ म्हणू शकत नाही.

“स्वयंपाकी तर खूश आहे तिच्यावर,” जूमाली शोरबा भुरकत म्हणाला. “चहा नको, साखर नको. मांस तेवढं सुरीच्या टोकावर धरा म्हणते. हात बाहेर काढतच नाही. दोरोनबेक सांगत होता, याला म्हणतात कलावंत, चोवीस तास भूमिकेत! एक गंमत सांगू? त्याच संध्याकाळी एक म्हातारा मेंढपाळ आला. म्हणाला, तुमची पोरगी मी कराकोलच्या इस्पितळात पोचवून आलोय. आम्ही पोट धरून हसलो. म्हटलं, आजोबा, आधी चढलेली उतरवून या! ती बघा, तिथे बसलीय.”

“मग?”

“मग काय. त्याने तिच्याकडे पाहिलं. आम्ही नान पुढे केला, तर घेतला नाही म्हातारड्याने. घोड्यावर बसला आणि गेला. कुणी नानला नाही म्हणतं का हो?”

“जूमाली, माझी मुलगी इस्पितळात आहे. काल मी तिच्याशी बोलले.”

तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. त्याने वाटी बाजूला सारली. “येताना मी तिला म्हटलं होतं, ट्रकमध्ये पुढे बस, लवकर पोचशील,” तो हळू आवाजात म्हणाला. “इंजिनच्या उबेपाशी नको म्हणाली. मला तेव्हा बरंच वाटलं. का ते कळलं नाही.”

त्यानंतर त्याने विषय बदलला. मीही त्याला अडवलं नाही.

४

स्टुडिओच्या कचेरीतून मी कराकोलला फोन जोडून मागितला. दुपार त्यातच गेली. शेवटी वेरा नावाची परिचारिका बोलली, गोड स्वभावाची, जरा बडबडी.

“आहे ना, बेगिमाय आहे. भांडकुदळ आहे तुमची मुलगी, डॉक्टरांना पळवून लावते. बरी आहे. काल तर तिची बहीणही येऊन गेली.”

“तिला बहीण नाही.”

“अय्या, मग चुलत असेल. अगदी एका साच्यातली! आत या म्हटलं तर आली नाही. बेगिमाय झोपली होती, ही बाहेर खिडकीशी उभी राहून बघत होती. एवढ्या थंडीत डोक्याला काही नाही, हात अस्तनीत. मला म्हणाली, ही घरी कधी जाणार? मी म्हटलं, एक-दोन दिवसांत सोडतील. तर म्हणाली, मग मला आधी गेलं पाहिजे.”

कचेरीत टंकयंत्रं चालू होती. कुणीतरी खिडकीत सफरचंद खात होतं. मला वाटलं, हे सगळं आत्ता थांबेल आणि सगळे माझ्याकडे बघतील, पण कुणी बघितलं नाही.

“वेरा, पोरी, माझं ऐक. तिला कुठे जाऊ देऊ नकोस. मी येतेय म्हणावं. आजच रात्रीच्या बसने निघते.”

“सांगते की. पण ती ऐकते का कुणाचं?”

घरी जाताना मी सारखी एकच गोष्ट घोकत होते. त्या डोंगरात मुली वेडावतात, माणसं थकतात, परिचारिका घोटाळे करतात. थकलेल्या माणसाला जगात काहीही दिसतं. मी थकले होते हे तर खरंच होतं. मोजता येणार नाही इतकी थकले होते.

५

प्रवासासाठी मी नान कापत होते. सूर्य कलला होता, स्वयंपाकघरात तांबूस उजेड होता. खाली बस थांबली. हॉर्न वाजला, कुणीतरी हसून निरोप घेतला, बस गेली. मग जिन्यावर पावलं ऐकू आली. दोन्ही पाय सारखे पडत होते. लंगडणं नाही, दम खायला थांबणं नाही, आणि आमचा जिना तर असा की टपालवालाही मध्ये दोनदा थांबतो.

मी ठरवलं, दार उघडायचं नाही.

थाप पडली नाही. दाराला बाहेरून काहीतरी टेकलं, कपाळ टेकावं तसं.

“अपा.”

आवाज तिचाच. सर्दी झाल्यावर थोडा बसतो तसा बसलेला. तुम्ही आई असाल तर सांगा, तुम्ही काय केलं असतं? मला सगळं माहीत होतं आणि मी दार उघडलं.

ती उंबरठ्याबाहेर उभी होती. भुवईवरचा व्रण, हनुवटीचा खळगा, सगळं जागच्या जागी. हात अस्तनीत. ती आत आली नाही, नुसती बघत राहिली. माझ्या हातात नान होता. जन्मापासूनची सवय आहे, दारात माणूस दिसलं की नान पुढे होतो. मी काही ठरवलं नाही, हात आपसूक गेला. तिने मान वाकवली आणि माझ्या हातातूनच घास तोडला. तिचा चेहरा माझ्या बोटांच्या इतका जवळ आला, तरी बोटांना श्वास लागला नाही.

मग ती उंबरठा ओलांडून आत आली.

“दमले गं, अपा,” ती म्हणाली.

“गुडघा कसा आहे?”

“कुठला गुडघा?” तिने विचारलं आणि थोड्या वेळाने, कुणीतरी आठवण करून दिल्यासारखी, हसली.

तेव्हाही माझं मन वकिली करत होतं. म्हणत होतं, फोनवरची खोटी असेल. फोनवर काय, कुणीही कुणाचाही आवाज काढतं. ही तर डोळ्यांसमोर आहे, हिला भूक लागलीय. मी शोरबा गरम केला. आमच्याकडे जेवणाआधी हातावर पाणी घालतात, म्हणून झारी आणि घमेलं घेऊन आले.

“ठेव तिथे. मी धुते.”

मी खिडकीकडे तोंड केलं. मला बघायचं नव्हतं. पाणी पडल्याचा आवाज आला. त्याच्याखाली दुसरा एक आवाज होता, घमेल्याच्या तळावरून कुणी हळूच काहीतरी ओढत नेल्यासारखा. काचेत बाहेरचं आकाश जास्त दिसत होतं, खोली कमी. तेवढ्यात अस्तनीच्या टोकाशी काहीतरी लांब बाहेर आलं आणि त्यावरून मावळतीचं ऊन एकदा सरकलं. मी वळले तोवर हात पुन्हा आत होते. शेजारी टॉवेल पडला होता. त्याला वरपासून खालपर्यंत सरळ चिरा गेल्या होत्या.

“जुना झालाय,” ती टॉवेलबद्दल म्हणाली.

“हो,” मी म्हणाले.

मी सुरीच्या टोकावर मांसाचा तुकडा धरला. तिने खाल्ला.

६

फोन वाजला. तुटक, घाईघाईने. बाहेरगावचा.

तिचं चावणं थांबलं. मान किंचित कलती झाली. फोन तिच्या आणि माझ्या मधोमध, कपाटावर होता. मी दोन पावलं टाकून तो उचलला आणि तिच्याकडे पाठ होणार नाही अशी उभी राहिले.

“अपा!” मागे बसस्थानकाचा गलका होता, कुणीतरी सूर्यफुलाच्या बिया विकत होतं. “वेराने सांगितलं तू येतेयस म्हणून. अगं, तू कशाला हाडं खिळखिळी करून घेतेस? मला सोडलं त्यांनी. काठी दिलीय. तुझ्याआधी मीच बसते रात्रीच्या गाडीत, सकाळी घरी. मला मांती उकडून घाल, भोपळ्याचं सारण भरून. इस्पितळातलं खाऊन जीभ मेलीय.”

माझ्यासमोरची ती खुर्चीवर बसून ऐकत होती. तिला आतला आवाज ऐकू येत होता की नाही, कुणास ठाऊक. तिची नजर माझ्या तोंडावर होती.

नुसतं ‘येऊ नकोस’ म्हणून भागणार नव्हतं. माझी पोरगी मला माहीत आहे. का येऊ नको म्हणून विचारलं असतं, आणि मग काठी टेकत, शिव्या देत, मुद्दाम आली असती. त्या दारात उभी राहिली असती. तिने न येण्याला एकच उपाय होता.

“कोण बोलतंय?” मी विचारलं.

“अगं, मी!”

“मी कोण?”

“बेगिमाय! ऐकू येत नाहीये का तुला?”

“माझी बेगिमाय घरी आहे. माझ्यासमोर जेवतेय.”

बियावालीची आरोळी ऐकू आली. एक गाडी सुरू होऊन बंद पडली.

“अपा, थट्टा नको ना. पाय ठणकतोय माझा.”

“बाई, तुम्ही कोण ते मला माहीत नाही. इथे पुन्हा फोन करायचा नाही. आणि दारात आलात, तर या घरात तुम्हाला नानचा तुकडासुद्धा मिळणार नाही.”

आमच्यात याहून वाईट बोलता येत नाही. वैऱ्यालाही कुणी हे म्हणत नाही. मी हे माझ्या लेकीला म्हणाले, जिच्यासाठी मी आयुष्यभर तळघरात डोळे फोडले, आणि म्हणताना आवाज कापू दिला नाही. तिकडे ती ‘अपा’ म्हणाली, लहानपणी अंधारात म्हणायची तसं, अगदी हळू. थोड्या वेळाने तिने फोन ठेवला. काळीज तुटलं माझं. नारिनला जा, मी मनात म्हणत होते, रागाने पेटून नारिनला मावशीकडे जा आणि माझं तोंड कधी बघू नकोस. या वेळी मी नाक घासत येणार नाही.

“कोण होतं?” तिने विचारलं.

“कुणी नाही. चुकून लागला.”

तिने मान डोलावली. उरलेला तुकडा संपवला. खोलीत आता दिवा लावायला हवा होता, पण दोघींपैकी कुणी उठलं नाही.

“फार दमलीस तू, अपा,” ती मायेने म्हणाली. “ये, इथे माझ्यापुढे बस. केस विंचरून देते.”

कंगवा तिने मागितला नाही. मी वेणी सोडली आणि तिच्याकडे पाठ करून खाली बसले.